आपले खाते कोणाच्या दारी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



साहित्य आणि संगीत यांच्या पंगतीत बँकेच्या खात्यासारखा रुक्ष विषय वाढण्याचे धारिष्ट्य मी आज करीत आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांची हयात गन कॅरेज फॅक्टरीत, खमरियात, व्हेईकल फॅक्टरीत, रेल्वेत किंवा विद्युत मंडळात गेली. आयुष्यभराच्या त्या कष्टांचे फळ आज कोठे आहे, असे विचारले तर उत्तर एकच येईल, बँकेच्या पासबुकात. म्हणून हा विषय रुक्ष असला तरी परका खासच नाही.

आज घरोघरी एक प्रश्न उपस्थित झाला आहे. पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी असलेली मुले दूरध्वनीवरून सांगतात, "बाबा, त्या जुन्या बँकेत रांगेत किती दिवस उभे राहणार? नव्या बँकेत खाते काढा. सारे व्यवहार फोनवर होतात, व्याजही अधिक मिळते." वडिलांना मात्र चाळीस वर्षांची बँक सोडवत नाही. मुलांचे म्हणणे वावगे नाही आणि वडिलांची धास्तीही अनाठायी नाही. या दोहोंतून वाट काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम हे ध्यानात घेऊ की नवी बँक हे एकच प्रकरण नाही. ज्यांना लघु वित्त बँका, म्हणजे स्मॉल फायनान्स बँका म्हणतात, त्या पूर्ण अर्थाने बँका आहेत. छोटे व्यावसायिक व लहान कर्जदार यांना कर्ज देणे हे त्यांचे मुख्य कार्य. त्यासाठी त्यांना ठेवी हव्या असतात, म्हणून त्या बहुधा व्याज अधिक देतात. दुसरा प्रकार पेमेंट्स बँकांचा. त्यांना कर्ज देण्याची मुभा नाही, स्वतःच्या मुदत ठेवी घेण्याचीही नाही. एका ग्राहकाचे किती पैसे ठेवता येतील यावरही मर्यादा असून २०२१ साली ती २ लाख रुपये झाली. १ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर सुरू झालेली टपाल खात्याची इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक याच वर्गातली. तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो बँकेसारखा दिसतो पण बँक नसतो. फोनवरचे एक सुबक अ‍ॅप, त्यावर आकर्षक नाव. परंतु पैसा प्रत्यक्षात राहतो तो त्या अ‍ॅपने ज्या परवानाधारक बँकेशी करार केला असेल तिच्याकडे. आपल्या देशात केवळ अ‍ॅपला बँकेचा परवाना मिळत नाही.

यावरून माझा मुद्दा स्पष्ट व्हावा. खाते हलविण्यापूर्वी बँक जुनी की नवी हे पाहू नये. आपला पैसा कोणाच्या हाती राहणार आणि तो हात अडखळला तर आपल्याला काय मिळणार, हे पाहावे. हा धडा तीन घटनांनी शिकविला आहे. त्या काळाच्या क्रमाने सांगतो.

पहिली घटना अकोल्याची. १९५६ पर्यंत अकोला आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती, हे वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. त्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक या दोन्ही १९६० साली बुडाल्या. तेव्हा ठेवीदाराला विम्याचे कसलेच कवच नव्हते. त्या हाहाकारातून ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. आरंभी विम्याची मर्यादा अवघी १,५०० रुपये होती. १९९३ साली ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. आज तुमच्याआमच्या ठेवींना जे संरक्षण आहे, त्याच्या मुळाशी अकोल्याच्या ठेवीदारांचे अश्रू आहेत.

दुसरी घटना पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची. तिच्या शाखा ज्या राज्यांत होत्या त्यांत आपले मध्य प्रदेशही होते. तिच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो हिशेबात दडविण्यात आला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सहा महिन्यांत एका खात्यातून केवळ १,००० रुपये काढता येतील असा पहिला आदेश निघाला. ठेवीदारांची संख्या ९ लाखांहून अधिक होती. मुलीचे लग्न, वृद्धाचे औषधपाणी, सारे त्या एका आदेशाने खोळंबले. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी या लघु वित्त बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना उर्वरित रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून देण्यात आले. हा विलंब पाहून २०२१ साली कायदा सुधारण्यात आला. आता असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत ठेवीदाराच्या हाती पडावी, अशी तरतूद आहे.

तिसरी घटना अगदी अलीकडची आणि नव्या युगाची. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कडक निर्बंध जाहीर केले. १५ मार्च २०२४ नंतर त्या खात्यांत नवा पैसा जमा होणे बंद झाले. खात्यात असलेली रक्कम काढून घेण्याची मुभा होती, म्हणजे अकोल्यासारखे पैसे बुडाले नाहीत. परंतु ज्यांचा पगार वा अनुदान तेथे जमा होत असे, त्यांना धावपळ करून दुसरे खाते जोडावे लागले. पैसा सुरक्षित असूनही पैशाची वाट बंद होऊ शकते, हे या घटनेने दाखविले.

तेव्हा नव्या दाराशी जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. परवाना कोणाचा? रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर परवानाधारक बँकांची यादी असते. त्यात नाव नसेल तर ती बँक नव्हे. विमा आहे काय? व्यापारी, लघु वित्त, पेमेंट्स आणि सहकारी बँकांच्या ठेवींना तो असतो. पतसंस्थेच्या वा बहुराज्य पतसंस्थेच्या ठेवींना नसतो. नावात 'सहकारी' असले की विमा असतोच, हा समज टाकून द्यावा. आणि आपली एकूण रक्कम किती? ५ लाखांची मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराला आहे. त्याच बँकेच्या चार शाखांत चार खाती काढली तरी ती एकत्र मोजली जातात आणि मुद्दल व व्याज दोन्ही त्यात धरले जातात. ज्याची पुंजी यापेक्षा मोठी आहे त्याने ती दोन-तीन बँकांत विभागावी. टपाल कार्यालयाच्या बचत योजनांच्या मागे मात्र प्रत्यक्ष केंद्र सरकार उभे असते, याचाही विसर पडू नये.

आता प्रत्यक्ष खाते हलविण्याविषयी. इंग्लंडात २०१३ पासून अशी व्यवस्था आहे की ग्राहकाने नव्या बँकेला सांगितले की सात कामकाजी दिवसांत जुने खाते, त्यातील येणी-देणी यांसह, नव्या बँकेत जाते. आपल्याकडे एका बँकेतून दुसरीत जाताना हे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. म्हणून घाई करू नये. एरवी दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात. येथे मात्र तीन-चार महिने तो ठेवावाच. नवे खाते उघडून आधी थोडी रक्कम फिरवून पाहावी. जुन्या पासबुकाच्या वर्षभराच्या नोंदी वाचून निवृत्तिवेतन, लाभांश, विम्याचे हप्ते, विजेचे देयक यांची यादी करावी आणि एकेक ओळ नव्या खात्याकडे वळवावी. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत, ते देणारे कार्यालय नवी बँक स्वीकारते काय, हे प्रथम विचारावे. गॅसचे अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. म्हणून नव्या बँकेत आधार जोडताना विचार करून संमती द्यावी. यादीतील प्रत्येक ओळ नव्या खात्यात दिसू लागल्यावरच जुने खाते बंद करावे.

मात्र ते बंद करावे, विसरू नये. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे कोणी न विचारलेली रक्कम रिझर्व्ह बँकेकडील निधीत जाते. ती परत मिळते, पण वारसांना आधी ती आहे हे कळावे लागते. नामनिर्देशनाचेही तेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते; नवे खाते उघडताना तो रकाना रिकामा सोडू नये. आणि बँकेकडे तक्रार करूनही तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

बंधुभगिनींनो, १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन झाली. भारतातील सहकारी पतपुरवठ्याचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. परमुलुखात राहणाऱ्या मराठी माणसांनी एकमेकांच्या पैशाची काळजी वाहण्याची ही परंपरा आपली आहे. त्या परंपरेला साजेशी एक सूचना करून मी थांबतो. मंडळाच्या तरुण सभासदांनी महिन्यातून एक रविवार ज्येष्ठांसाठी द्यावा. त्यांच्यासोबत पासबुक वाचावे, येणी-देणी यांची यादी करावी, नामनिर्देशन तपासावे. एकच पथ्य पाळावे: गुप्त क्रमांक कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये, मंडळाच्या कार्यकर्त्यालाही नाही. एवढे झाले तर मुलांची सोय आणि वडिलांची धास्ती यांचा मेळ बसेल, आणि पैसा कोणत्याही दारी राहो, त्याची किल्ली आपल्याच हाती राहील.