पेटंटचा शिक्का आणि कीड ओढणारे यंत्र

(जिल्हा बैठकीत पाहणी समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत आपण आम्हा चौघांवर एक काम सोपवले होते. ट्रॅक्टरला जोडून पिकावरची कीड हवेने ओढून घेणारे यंत्र विकायला एक गृहस्थ आपल्या गटाकडे आले होते. त्यांच्या हातात रंगीत माहितीपत्रक होते, मोबाइलवर परदेशातली चित्रफीत होती आणि प्रत्येक पानावर ठळक अक्षरांत एक शब्द होता : पेटंट. अनामत भरा, करारावर सही करा, हंगामाच्या आधी यंत्र दारात, असे त्यांचे म्हणणे होते. बैठकीतले निम्मे लोक सही करायला निघाले, निम्मे म्हणाले, आधी कागद वाचा. त्या वाचनाचा हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो.

सही करायला निघालेल्यांना आम्ही भोळे म्हणणार नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कापसात शिरणे म्हणजे काय, हे या मांडवातल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. औषधाचा खर्च दरवर्षी चढतो आणि कीड त्या औषधाला सरावते. अशा वेळी कोणी म्हणाला, विष नको, नुसत्या हवेने कीड उचलतो, तर मन त्याकडे धावणारच. म्हणूनच नीट तपासणे जरूर आहे. गरजवंताला अक्कल नसते, असे म्हणतात. ते खोटे ठरवण्याचे काम संघटनेचे आहे.

आम्ही विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारला : पेटंटचा नंबर काय? चार दिवसांनी नंबर आला, तो अमेरिकेचा. पेटंटचे कागद आज कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. भारतीय पेटंट कार्यालयाचीही शोधाची सोय संगणकावर खुली आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांना बसवून आम्ही तो कागद वाचून घेतला. त्यातून दोन गोष्टी कळल्या. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपलेली आहे. आणि त्याच शोधाचा भारतात अर्ज झाल्याचे आम्हाला कुठे सापडले नाही.

याचा अर्थ काय? पेटंट हा त्या त्या देशापुरता हक्क असतो. अमेरिकेतले पेटंट अमेरिकेत चालते, भारतात चालायचे तर ते भारतात मिळवावे लागते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात, २००२ च्या दुरुस्तीनंतर, मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. त्यातही तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरत राहावे लागते. फी थकली की पेटंट मुदतीआधीच निजते. मुदत संपली की तो शोध सगळ्यांचा. मग तुमच्या गावचा फिटरसुद्धा तो कागद समोर ठेवून तसे यंत्र बनवू शकतो. फक्त त्यावरची एखादी नंतरची सुधारणा भारतात जिवंत पेटंटखाली नाही, एवढे पाहून घ्यायचे.

आणखी एक. कायद्याच्या १२० व्या कलमात म्हटले आहे की, भारतात पेटंट नसताना वस्तूवर पेटंट असल्याचे खोटे दाखवले तर दंड होतो. हे पेटंट परदेशातले आहे असे सोबत लिहिले नसेल, तर ‘पेटंट’ हा शब्द भारतातल्या चालू पेटंटविषयीच आहे असे धरले जाते. तेव्हा नंबर विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेतो का?

आता सगळ्यांत मोठा गैरसमज. पेटंट आहे म्हणजे सरकारने यंत्र तपासून पास केले, असे आपल्याला वाटते. तसे बिलकुल नाही. पेटंट कार्यालय पाहते की कल्पना नवी आहे का, जाणकाराला सहज सुचण्यासारखी नाही ना, आणि बनवता-वापरता येण्याजोगी आहे का. तुमच्या वावरात किती कीड मरेल, डिझेल किती लागेल, एकरी खर्च परवडेल का, हे तिथे कोणी पाहत नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला थांबवण्याचा हक्क. पीक वाचवण्याची हमी त्यात नाही.

मग ही यंत्रे खरोखर चालतात का? त्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

पिकावरची कीड यंत्राने गोळा करण्याची खटपट शंभर वर्षांहून जुनी. अमेरिकेत टेक्सास राज्यात कापसाच्या बोंडावरच्या सोंडेभुंग्याने कहर केला, तेव्हा १९०३ मध्ये तिथल्या सरकारने उपाय शोधणाऱ्याला ५०,००० डॉलरचे बक्षीस लावले. नाना तऱ्हेचे उपाय आणि यंत्रे पुढे आली. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. झाडावरचा भुंगा हलवून, झोडपून गोळा करता येईलही. पण त्याची अळी पात्यात आणि बोंडात बसलेली असते, तिला बाहेरून कोण हात लावणार? कापूस पिकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तो सोंडेभुंगा आपल्याकडे नाही, पण आपली गुलाबी बोंडअळी नेमके हेच करते. बोंडात शिरलेल्या अळीला कसलीही हवा ओढू शकत नाही.

पुढे १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात पाठीवर घ्यायचे, इंजिनावर चालणारे हवा ओढणारे यंत्र निघाले. ते कीड मारायचे नव्हते, शेतात कीड किती आहे ते मोजायचे होते. शास्त्रज्ञ तसली यंत्रे आजही वापरतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या स्ट्रॉबेरी बागायतदारांनी तीच गोष्ट मोठी करून ट्रॅक्टरवर चढवली. त्यांचा शत्रू म्हणजे लायगस नावाचा ढेकूण. तो कोवळ्या फळाला सोंड खुपसतो आणि फळ वेडेवाकडे होते. कॅनडात बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी अशीच यंत्रे निघाली. तो भुंगेरा एकामागून एक औषधांना दाद देईनासा झाला होता.

निकाल काय लागला? १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी स्ट्रॉबेरीत चाचण्या घेतल्या. लायगस कमी होतो, पण नुसत्या यंत्राने पुरेसा आटोक्यात येत नाही, असे दिसले. उडणारे प्रौढ बऱ्यापैकी सापडतात. पिल्ले पानाखाली, झाडाच्या गाभ्यात चिकटून राहतात. अंडी तर झाडाच्या आतच घातलेली असतात. म्हणजे आज ओढले तरी चार दिवसांनी नवी पिल्ले हजर. पुन्हा फेरी, पुन्हा डिझेल.

यामागचे कारण समजायला कॉलेज लागत नाही. घरी जाऊन दिवा लावा. हातभर अंतरावरून फुंकर मारा, विझतो. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. नाही विझणार. फुंकलेली हवा एका दिशेने सरळ जाते. ओढलेली हवा चहूबाजूंनी गोळा होते, म्हणून तोंडापासून थोडे लांब गेले की तिचा जोर संपतो. यंत्राचेही तेच. ज्याला हूड म्हणतात ते शोषणाचे तोंड पिकाला जवळजवळ टेकले पाहिजे. स्ट्रॉबेरी वीतभर उंच, सरळ गादीवाफ्यावर, म्हणून तिथे ते निदान जमते. कमरेच्या वर गेलेल्या, फांद्या पसरलेल्या कापसात हूड वर धरला तर खालची कीड सापडत नाही, खाली दाबला तर पात्या-फुले गळतात.

मग पंखा मोठा लावा, असे कोणी म्हणेल. त्याच पंख्याचे फेरे वाढवून दुप्पट हवा ओढायची तर ताकद दुप्पट लागत नाही, सुमारे आठपट लागते. हा पंख्याचा नियमच आहे. पीटीओवर तेवढा भार आला की डिझेलचा काटा बोलू लागतो.

आणि हवेला शत्रू-मित्र कळत नाही. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी, मधमाश्या, जे सैल बसले असेल ते सगळे आत जाते आणि पंख्याच्या पात्यावर आपटून मरते. पानाला चिकटून बसलेली पांढऱ्या माशीची पिल्ले मात्र जागेवरच राहतात. विषाशिवाय कीडनियंत्रण म्हणून जे विकले जाते, ते मित्रकिडींच्या बाबतीत निर्दोष नाही.

तर मग यंत्र मोडीत काढायचे का? आमचे मत तसे नाही. पुढची गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियातल्याच मॉन्टेरे उपसागराच्या भागात काही सेंद्रिय स्ट्रॉबेरीवाल्यांनी २००० नंतर वेगळी युक्ती केली. लायगसला लसूणघास स्ट्रॉबेरीपेक्षा जास्त आवडते. त्यांनी स्ट्रॉबेरीत मधूनमधून लसूणघासाच्या ओळी लावल्या. ढेकूण तिकडे गोळा झाले आणि यंत्र फक्त त्या ओळींवरून फिरवले. सगळे शेत ओढण्याऐवजी सापळ्याच्या ओळी ओढायच्या. फेऱ्या कमी, डिझेल कमी, बाकी शेतातल्या मित्रकिडी शाबूत. यंत्र तेच, अक्कल शेतकऱ्याची. सापळा पीक आपल्याला नवे नाही. टोमॅटोत झेंडू, कापसाभोवती भेंडी आपण लावतोच. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना मात्र एक सांगतो : लायगसची ती जात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातली आहे, इथली नाही. तिथला अनुभव जसाच्या तसा उचलू नका. आपली कीड कोणती, ती कशी बसते, कशी उडते, ते पाहूनच ठरवा.

आता आपल्या हक्काचा मुद्दा. तुरीची झाडे हलवून खाली अंथरलेल्या पोत्यावर अळ्या पाडायच्या, हे आपल्याकडच्या बायामाणसांनी हातांनी केलेले काम आहे. उद्या कोणी या पद्धतीवरच मालकी सांगितली तर? आपल्या कायद्याच्या ३ऱ्या कलमात ‘ह’ या पोटकलमाने, म्हणजे इंग्रजी एच ने, शेतीची किंवा बागायतीची पद्धत पेटंटयोग्य शोध नाही असे ठरवले आहे. यंत्राला पेटंट मिळू शकते. कीड हलवून पाडण्याच्या रीतीला नाही. आणि यंत्राच्या अर्जातही जुनीच गोष्ट नवी म्हणून घुसडली असेल, तर २५ व्या कलमाखाली अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. ‘कोणीही’ या शब्दात तुम्ही-आम्ही येतो. मात्र हरकतीला पुरावा लागतो. म्हणून गावात कोणी काही जुगाड केले असेल तर त्याचे फोटो, तारीख, छापील वर्णन ठेवा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमचा पेटंटला विरोध नाही. घाम गाळणाऱ्याला दाम मिळावा, ही मागणी आपण जन्मभर केली. शोध लावणाऱ्याने तीच केली तर त्याला चोर कसे म्हणायचे? आपल्यातल्या एखाद्या पोराने हूडची नवी रचना काढली आणि त्याला हक्क हवा असेल, तर त्याने आधी अर्ज करावा आणि मग प्रदर्शनात मांडावे. आधी चारचौघांत दाखवले की नवेपणा गेला असे कायदा म्हणू शकतो. हक्क नको, सगळ्यांना द्यायचे आहे, असे असेल तर खुशाल छापून टाकावे. मग तीच रचना आपली म्हणून दुसऱ्या कोणाला पेटंट घेता येणार नाही.

शेवटी कराराविषयी. त्यात दोन अटी होत्या : दुरुस्ती फक्त त्यांच्याच माणसाकडून, आणि हूडमध्ये कसलाही बदल करायचा नाही. कारण काय तर पेटंट. भावांनो, जे पेटंट भारतात नाही आणि अमेरिकेतही संपले आहे, त्याच्या नावावर ही अट घातली होती. आणि पेटंट नसले म्हणून सही केलेली अट आपोआप सुटत नाही. करार हा करार असतो. सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठा उठवून आपल्या आजोबांनी काय गमावले ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून समितीच्या वतीने चार गोष्टी बैठकीपुढे मांडतो. एक, या करारावर गटाने सही करू नये आणि अनामत देऊ नये. दोन, विक्रेत्याला आपल्या वावरात प्रात्यक्षिक करायला सांगावे : शेजारी शेजारी दोन पट्टे, एकात यंत्र, एकात नाही, आधी आणि नंतर प्रौढ, पिल्ले आणि मित्रकिडी वेगवेगळ्या मोजायच्या, आठवड्याने पुन्हा मोजायच्या, डिझेल आणि वेळ लिहून ठेवायचा. तीन, मुदत संपलेली पेटंटे घेऊन जवळच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे आणि आपल्या फिटरकडे जावे, सापळा पिकाच्या ओळीसाठी लहान यंत्र स्वस्तात जमते का ते पाहावे. चार, तोवर फवारणी करायचीच असेल तर हातमोजे, तोंडाला मास्क आणि वाऱ्याची दिशा, यात हयगय नको. यंत्र येईल तेव्हा येईल, माणूस आज वाचला पाहिजे.

मोजणीच्या कामाला प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे हवीत, त्यात एक तरी बाई असावी, कारण पानामागची कीड त्यांच्या नजरेला आधी दिसते. नावे आजच लिहून द्या.