उंची मोजणारे घड्याळ आणि समुद्रकाठचे गिऱ्हाईक

(वसंत व्याख्यानमालेत वेस्ट मांबलम, चेन्नई येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या वेस्ट मांबलममधल्याच एका मराठी गृहस्थांपुढे सध्या एक प्रश्न आहे. त्यांच्या संमतीने तोच मी आज इथे मांडतो. फेवर ल्युबा कंपनीचे ‘बिव्हुआक’ नावाचे जुने मनगटी घड्याळ त्यांना विकत मिळते आहे. पैसे बाजूला काढलेले आहेत, हौस आहे, घरातून विरोधही नाही. तरी मन धजत नाही. घ्यावे की सोडून द्यावे?

फेवर ल्युबा हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले असेल. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावी १७३७ साली या घराण्याची सुरुवात झाली आणि १८६५ पासून त्याचा मुंबईशी संबंध जडला. आपल्या घरांतून दिसली ती मात्र ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’. बिव्हुआक क्वचितच कुणाच्या मनगटावर असे. १९६२ साली आलेल्या या घड्याळात वेळेबरोबर हवेचा दाब आणि त्यावरून उंचीही कळते. यांत्रिक मनगटी घड्याळात अशी सोय त्याआधी कुणी दिलेली नव्हती. आत पातळ पत्र्याची एक निर्वात डबी असते. डोंगर चढावा तशी बाहेरची हवा विरळ होते, डबी किंचित फुगते आणि ती हालचाल एका स्वतंत्र काट्यापर्यंत पोचवली जाते. भोवती फिरते कडे आणि त्यावर ३,००० मीटरपर्यंतचे आकडे. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातला कुठलाही डोंगर यात सहज मावतो. वॉल्टर बोनाती हा थोर इटालियन गिर्यारोहक १९६४ मध्ये ग्रांद जोरासच्या उत्तर कड्यावर गेला तेव्हा हेच घड्याळ त्याच्याजवळ होते, असे कंपनी अभिमानाने सांगते.

समुद्रकाठी राहणाऱ्याला उंची मोजणाऱ्या घड्याळाचा उपयोग काय, हा आक्षेप त्या गृहस्थांनी ऐकलेला आहे. मला तो मुळीच पटत नाही. उंचीचा काटा मुळात दाबाचा काटा आहे, आणि दाबाच्या बाबतीत चेन्नईइतकी बोलकी जागा शोधून सापडणार नाही. समुद्रसपाटीजवळ दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळाला वाटते, आपण सुमारे ८ मीटर वर चढलो. बंगालच्या उपसागरातले वादळ जवळ येते तेव्हा दाब २० हेक्टोपास्कलने खाली आला, तर मांबलमच्या खोलीत टेबलावर ठेवलेले बिव्हुआक दीडशे मीटरांहून अधिक उंची दाखवील. खिडकीबाहेर पाऊस सुरू होण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते.

वादळाची वाट पाहण्याचीही गरज नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे या घड्याळाच्या भाषेत २५ ते ३० मीटरचा. म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितले, की विक्रेत्याकडून घड्याळ चार दिवस घरी ठेवायला मागा. हवी तर अनामत द्या. सकाळी दहाला काटा शून्यावर आणा आणि घड्याळ न हलवता दुपारी चारला भिंगातून बघा. काटा जराही सरकला नसेल तर डबी फुटलेली आहे किंवा तिची यंत्रणा अडकलेली आहे. सरकला असेल तर डबी जिवंत आहे. ताळा हवा असेल तर नुंगमबाक्कमचे हवामान केंद्र मांबलमपासून लोकलने दोनच स्थानके दूर आहे. तिथेच १७९२ साली मद्रासची वेधशाळा उभी राहिली होती. तिथल्या रोजच्या दाबाच्या नोंदीशी आपला काटा जुळवून पाहता येतो. पुढे कधी कोडईकनालला गेलात, तर तिथे सुमारे २,१०० मीटर दिसायला हवेत आणि परत आल्यावर काटा शून्याजवळ यायला हवा. हवा बदलली असेल तर पन्नास-शंभर मीटरांची चूक क्षम्य समजा.

या परीक्षेवर मी इतका वेळ घालवतो आहे, कारण दुर्मीळ घड्याळ घेताना लोक नाव बघतात, साल बघतात, किंमत बघतात, आणि ज्या कामासाठी ते घडवले ते काम ते करते की नाही हे बघायचे राहून जाते. डबी मेलेले बिव्हुआक वेळ दाखवील, शोभेलही. पण ज्यासाठी जास्त पैसे मोजायचे ती गोष्ट त्यात उरलेली नाही. नवी डबी मिळेल या आशेवर घेऊ नका. टायटनने फेवर ल्युबा हे नाव २०११ मध्ये विकत घेतले. टायटन म्हणजे टाटा आणि तमिळनाडू सरकारचे महामंडळ यांची होसूरची कंपनी. २०१७ मध्ये त्यांनी ९,००० मीटरपर्यंत मोजणारे नवे बिव्हुआकही काढले. २०२३ पासून हे नाव इथॉस या भारतीय कंपनीकडे आहे. नाव चालू आहे म्हणून साठ वर्षांपूर्वीचे सुटे भाग मिळतीलच असे धरून चालू नये. व्यवहाराच्या आधी घड्याळजीला विचारा, की उद्या हे बिघडले तर तुम्ही हात लावाल का? तो मान हलवून नाही म्हणाला, तर किंमत कितीही उतरली तरी थांबा. आणखी एक गोष्ट अशी, की दाब मोजायचा तर बाहेरच्या हवेला आत वाट ठेवावी लागते आणि त्याच वाटेने चेन्नईचा दमटपणाही आत जातो. म्हणून मशीन उघडून गंज पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता डायल. इथे मला थोडे कटू बोलावे लागेल. परदेशातल्या संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. जुने स्विस मशीन एका घड्याळातले, केस दुसऱ्यातली, आणि डायल नव्याने रंगवून वर मोठ्या कंपनीचे नाव छापलेली. अशा जुळवलेल्या घड्याळाला ते मुंबई शहराचे नाव देतात. मुंबईवर प्रेम करणाऱ्या माणसाला हे ऐकून वाईट वाटते. पण याच्या मुळाशी फसवणूक नव्हती. एके काळी आयातीवर कडक निर्बंध होते, सुटे भाग येत नव्हते, आणि आपल्या घड्याळजींनी एका बंद घड्याळाच्या जिवावर दुसरे चालू ठेवले. गिऱ्हाइकाला चालते घड्याळ हवे होते, ते त्यांनी दिले. हे मोठे कसब होते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पाप झाले ते पुढे, तीच जोडणी ‘अस्सल, मूळची’ म्हणून विकली जाऊ लागली तेव्हा.

ही फसवणूक फक्त गरीब देशांत होते असेही समजू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचे एक जुने स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. घेणारे होते खुद्द ओमेगाचे संग्रहालय. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेले होते आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. बनवणाराच फसू शकतो, तर आपण भिंग घेऊन बसलेच पाहिजे.

भिंगातून काय बघायचे? मूळच्या छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात, हाताने रंगवलेल्यात त्या फुटतात, आणि मिनिटांच्या रेघा आकड्यांशी नीट जुळत नाहीत. काट्यांवरचा चमकणारा लेप अंधारात पाहा. त्या काळच्या ट्रिटियमचे अर्धायुष्य साडेबारा वर्षांच्या आत आहे. साठ वर्षांत त्यातला तीन टक्क्यांच्या आसपास अंश उरतो. म्हणून लेप हिरवागार चमकत असेल तर तो नंतर लावलेला आहे. डायलवर डाग आहेत, कड पिवळी पडली आहे, एवढ्याने नाराज होऊ नका. मी तर म्हणेन, दोन घड्याळांतून निवडायचे झाल्यास डागाळलेली मूळ डायल घ्या आणि लखलखीत रंगवलेली सोडा.

कायद्याचे एक कलम फार थोड्यांना ठाऊक असते. सीमाशुल्क अधिनियम १९६२ चा, म्हणजे बिव्हुआकच्याच वर्षीचा. त्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचाही उल्लेख आहे. माल चोरटा असल्याच्या सबळ समजुतीने जप्त झाला, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर येते. म्हणून विक्रेत्याचे नाव, तारीख, घड्याळाचे वर्णन आणि केसवर क्रमांक असेल तर तोही लिहिलेले बिल घ्या. बिल देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि कर किमतीत आधीच मिळवा.

वर्षा-दोन वर्षांत दुप्पट किमतीला विकू, या विचाराने मात्र बिव्हुआक घेऊ नये. त्याचे गिऱ्हाईक थोडे आहे आणि विकायला वेळ लागतो. जे पैसे अडकले तरी संसाराला झळ लागणार नाही, तेवढेच यात घालावेत.

त्या गृहस्थांना माझे उत्तर असे, की दहा ते चार काटा सरकला, डायल मूळची ठरली, घड्याळजीने हो म्हटले आणि बिल मिळाले, तर जरूर घ्या आणि रोज वापरा. यातले एकही जमले नाही तर घेऊ नका, मग किंमत निम्मी झाली तरी. आणि तुम्हा सर्वांना एक विनंती. घरात वडिलांचे, आजोबांचे जुने घड्याळ असेल तर ते दुरुस्तीला जरूर द्या, पण देताना घड्याळजीला स्पष्ट सांगा, की डायल रंगवू नका, आणि जो भाग बदलाल तो जुना भाग परत द्या.