‘काही खरे नाही’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 कार्यक्रमपत्रिकेवर विषय ‘आशावाद’ असा छापला आहे. शब्द भारदस्त आहे. पण असल्या शब्दावर व्याख्यान सुरू झाले की मला स्वतःलाच जांभई येते. म्हणून मी आपल्या घरातलेच तीन शब्द घेऊन बोलणार आहे. ते म्हणजे ‘काही खरे नाही’.

सातारा असो की सांगली, सकाळी दूध घेण्यापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत हे तीन शब्द किती वेळा कानांवर पडतात! पाऊस लांबला, काही खरे नाही. पाऊस आला, आता तो थांबायचा नाही, तेव्हाही काही खरे नाही. द्राक्षाला भाव नाही, मुलाला नोकरी नाही, सुनेला वळण नाही आणि पुढाऱ्यांना लाज नाही. आपल्या मंडळाचेच पाहा ना! ‘पुढल्या वर्षी हे मंडळ चालतेय कुठले’ असे दर वार्षिक सभेत म्हणणाऱ्या भगिनी पुढल्या वर्षाची वर्गणी सर्वांच्या आधी भरतात. नाव घेत नाही. त्या हसत आहेत, तेवढे पुरे.

आता माझे म्हणणे एवढेच की, माणसाचा अंदाज त्याच्या बोलण्यावरून घेऊ नये, हातांवरून घ्यावा. ‘यंदा काही धडगत दिसत नाही’ असे म्हणत जी बाई मणभर कैऱ्या फोडून वर्षाचे लोणचे घालते, तिला निराशावादी कसे म्हणावे? वर्षभर घरात खाणारी तोंडे असतील, पंगती उठतील, याची खात्री असल्याशिवाय कोणी बरणी भरत नाही. तासगावकडचा बागाईतदार घ्या. गारपीट झाली, भाव पडला की तो बाग काढून टाकण्याची भाषा करतो. आणि एप्रिल उजाडला की खरड छाटणीला उभा राहतो. या छाटणीने घड येत नाहीत, नुसती काडी तयार होते. त्यानंतर ऑक्टोबरात फळछाटणी आणि माल हाती येणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. दहा-अकरा महिन्यांपुढच्या द्राक्षांसाठी आज कात्री चालविणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘काही खरे नाही’ हे शब्द असले, तरी ते आपण किती मनावर घ्यावेत?

सांगलीच्या भगिनींना हरिपूरची पेवे ठाऊक आहेत. साताऱ्याकडच्यांसाठी थोडे सांगते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरला जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवीत असत. तोंड अरुंद, पोट मोठे. तोंड मातीने असे बंद करीत की आत हवा जाऊ नये. मग कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडले म्हणजे लगेच आत उतरत नाहीत. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात, कंदील सोडून पाहतात. भाव पडलेला असताना ‘हळदीत आता राम नाही’ असे म्हणत जो मनुष्य ती पेवात घालतो, तो भाव येण्याचीच वाट पाहत असतो. वरून पाहणाऱ्याला मात्र मोकळी जमीन तेवढी दिसते. गंमत अशी की, बोलताना आपण पेव फोडतो ते रोगांचे आणि तक्रारींचे. हळदीचे पेव कोणाच्या तोंडी येत नाही.

पुढे 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, हळद गेली, आणि पेवांची जागा गोदामे घेऊ लागली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे पेवे गेली तरी हळद काही गेली नाही.

पुराचा विषय निघालाच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन फुटांच्या वर गेले, आणि 2021 मध्ये पुन्हा घरे बुडाली. पाणी उतरल्यावर डब्यांतला गाळ खरवडताना ‘या गावात आता राहायचे नाही’ असे म्हणणाऱ्या किती जणी मी ऐकल्या! त्यांतल्या बहुतेकींनी घरात पाण्याची रेघ कुठवर आली ते पाहून तिच्या वर फळ्या ठोकून घेतल्या. जाणारा माणूस फळ्या ठोकत नाही.

साताऱ्याच्या माण तालुक्यात तऱ्हा उलटी; तिथे पाण्याचीच वानवा. म्हसवडला रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतले थोडे बाजूला टाकायचे होते. कशासाठी? पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला ताडपत्री घेण्यासाठी. दुष्काळी माणमध्ये पावसासाठी ताडपत्री! बँक तिचे खाते उघडीना. तेव्हा चेतना गाला-सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण संस्थापक बायका निरक्षर, अंगठे उठविणाऱ्या. चेतनाताई शिकलेल्या, त्या रडत घरी आल्या, असे त्यांनीच सांगितले आहे. धीर दिला तो अंगठेवाल्या बायकांनी. आम्ही लिहा-वाचायला शिकू आणि पुन्हा अर्ज करू, असे त्यांचे म्हणणे. काही महिन्यांनी त्या पुन्हा साहेबांपुढे गेल्या. कोणत्याही मुदलाचे व्याज तोंडी काढून दाखवितो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, असे म्हणाल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. या बायका घरी दैवाला बोल लावीत नसतील असे मला मुळीच वाटत नाही. दैवाला बोलही लावीत असतील आणि व्याजही काढीत असतील.

मग कुरकुरीचे काहीच वाईट नाही का? आहे. आपले हात मुलांना दिसत नाहीत. रोजचीच गोष्ट कोण पाहतो? कानांवर मात्र आपले बोल पडतात. दहावीची मुलगी घरात बारा महिने ‘शिकून कोणाचे भले झालेय’ ऐकते आणि तिची फी मात्र आई पै-पै जमवून भरते. ती फी तिला कोणी मोजून दाखवीत नाही. माझे मत विचाराल तर दाखवावी. पासबुक तिच्या हाती द्यावे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, तीसाठीच मी हे सारे बोलले. जी बाई कुरकुरते तिची मला चिंता नाही. मला चिंता वाटते ती कुरकुरणे थांबलेल्या बाईची. ‘कसे आहे?’ म्हटले की ‘बरे आहे’ म्हणते, हसतेसुद्धा. पण यंदा तिने लोणचे घातलेले नसते, कुंडीतली तुळस वाळलेली असते, भिशीचा हप्ता ती काहीतरी सबब सांगून चुकविते. घरातल्या पुरुषाचेही तसेच. कर्जाबद्दल रोज ओरडणारा शेतकरी एकाएकी शांत झाला, औताफाट्याची चौकशी करीनासा झाला, तर घर शांत झाले म्हणून समाधान मानू नका. त्याला एकटे सोडू नका, स्पष्ट विचारा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. आपल्या भागात दुष्काळाने आणि कर्जाने घरे उजाड झालेली आपण पाहिली आहेत. त्या घरांतून आधी आरडाओरडा ऐकू आलाच होता असे नाही.

अशा घरी जाताना उपदेश बरोबर नेऊ नये. ‘सगळे छान होईल’ असे तर मुळीच म्हणू नये. ते तिलाही खरे वाटत नाही आणि आपल्यालाही. आता कैऱ्यांचे दिवस आलेच आहेत. पाच-सहा किलो घेऊन जा, तिच्याच ओसरीवर बसून फोडा, आणि मीठ-हळद तिला लावू द्या. मंडळाचा मोठा अडकित्ता कपाटात नुसता पडून आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे असते.