चित्रण डीव्हीडीवर उतरविण्यापूर्वीचे गणित



गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. पिठाच्या गिरणीने जाते मागे सारले आणि जात्यावरच्या ओव्या पुढच्या पिढीच्या कानी पडण्याचे नित्याचे निमित्त संपले. एखाद्या शाळेने गावातील वृद्ध आजीला सन्मानाने बोलावून, तिच्या संमतीने, त्या ओव्यांचे मोबाईलवर चित्रण केले आणि स्नेहसंमेलनातील लेझीम व नाटुकल्यासह ते डीव्हीडीवर उतरविले, तर ते उत्तम शैक्षणिक कार्य होय. परंतु तीच डीव्हीडी आजीच्या घरच्या प्लेअरवर लागली नाही तर? आणि तोवर जागा मोकळी करण्यासाठी मोबाईलमधील मूळ चित्रण पुसले गेले असेल तर? दुसऱ्या वर्षी आजी गावयास असेलच असे कोणी सांगावे?

आता पेनड्राइव्ह असताना डीव्हीडी हवी कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या घरात जुना प्लेअर आहे तेथे ती चालते, आणि एकदा लिहिलेली साधी डीव्हीडी चुकून पुसली जात नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. संगणकातील फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर उतरविणे निराळे आणि चित्रपटाची डीव्हीडी तयार करणे निराळे. जुन्या प्लेअरला एमपेग-२ या पद्धतीने बांधलेले चित्रच कळते; मोबाईलची एमपी-४ फाइल बहुधा त्याला उमगत नाही. म्हणून फाइल बाहेर काढताना 'डीव्हीडी' हा पर्याय निवडून मगच तबकडी लिहावी.

त्यानंतर पाल की एनटीएससी, असा प्रश्न येतो. भारतातील दूरदर्शनने पाल पद्धती स्वीकारली. तीत चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६ बिंदू असून सेकंदाला २५ चित्रे असतात. अमेरिकेच्या एनटीएससीत ७२० गुणिले ४८० बिंदू व सेकंदाला सुमारे ३० चित्रे असतात. येथील विजेची आवर्तने सेकंदाला ५०, तेथील ६०. मूळ फरक त्यातून आला. येथवर 'आपले ते पाल' एवढे पुरे. अडचण अशी की, मोबाईल बहुधा सेकंदाला ३० चित्रे टिपतो. तीसाची पंचवीस करताना मधली चित्रे गळतात आणि लेझमीची हालचाल अडखळते. मोबाईलमध्ये २५ ची सोय असेल तर चित्रणापूर्वीच ती लावावी. नसेल तर सरळ एनटीएससी निवडावी. आपल्याकडील बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात.

चित्राची रुंदी-उंची १६:९ की ४:३ हेही सांगावे लागते, कारण दोहोंत बिंदूंची संख्या तीच असते. खूण चुकली की मुले काडीसारखी लांबट तरी दिसतात, नाही तर बुटकी. मोबाईल आडवा धरून घेतलेले चित्रण बहुधा १६:९ असते. तो उभा धरल्यास दोन्ही बाजूंस काळे पट्टे येणारच.

आता गणित. साध्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. (संगणक ही जागा ४.३७ जीबी अशी दाखवितो. तो मोजण्याच्या रीतीतील फरक आहे, दुकानदाराची लबाडी नव्हे.) एका बाइटचे आठ बिट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. यास कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागले की दर सेकंदाला किती बिट वापरता येतील ते कळते. सोपी रीत अशी: ६०० ला मिनिटांनी भागावे, उत्तर मेगाबिटमध्ये येते आणि थोडी जागा शिल्लकही राहते. दोन तासांच्या कार्यक्रमास ५ आले. त्यातून ध्वनीसाठी ०.२ वजा जाता चित्रास ४.८ उरले. ध्वनीसाठी 'एसी-३' घ्यावा. 'पीसीएम' घेतल्यास दीड मेगाबिट त्यातच जातात. हे उदाहरण सातवीच्या फळ्यावर जरूर मांडावे.

एका तासाला हीच रीत १० सांगते, तरी ८ च्या वर जाऊ नये. चित्रासाठी डीव्हीडीची कमाल मर्यादा ९.८ आहे आणि तिच्या जवळ गेले की साधे प्लेअर अडखळू शकतात. उलट तीन तासांना जेमतेम ३.३ येतात. ओव्या गाणारी आजी एका जागी बसलेली असते, तिला तेवढे चालेल. लेझीम मात्र चौकोनी ठिपक्यांत विरघळेल. अशा वेळी दोन डीव्हीड्या कराव्यात. पाहुण्यांचे सत्कार व आभारप्रदर्शन यांना कात्री लावली तर एकीतही भागेल. 'दोन फेऱ्या' असा पर्याय दिसल्यास अवश्य घ्यावा. परीक्षकाने सर्व उत्तरपत्रिका आधी चाळून मग गुण द्यावेत, तसा संगणक पहिल्या फेरीत चित्रण पाहतो आणि दुसऱ्या फेरीत जेथे हालचाल अधिक तेथे अधिक बिट देतो.

लिहिताना वेग मध्यम ठेवावा व शेवटी 'फायनलाइज' करण्यास विसरू नये. वर कागदी चिकटपट्टी लावू नये. ती फिरताना तोल बिघडविते. परभणीचा उन्हाळा ध्यानी घेऊन डीव्हीडी खिडकीजवळ न ठेवता कपाटात उभी ठेवावी.

मूळ चित्रण मात्र दोन निराळ्या जागी जतन करावे. डीव्हीडीवरील चित्र आवळून बसविलेले असते. त्यातून मूळची स्पष्टता परत मिळत नाही. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'देखील आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही, मग शाळेच्या एकुलत्या एका प्रतीचा काय भरवसा? पहिली प्रत तयार होताच ती ज्या घरी द्यावयाची त्या घरच्याच प्लेअरवर लावावी आणि शेवटची दहा मिनिटे अवश्य पाहावीत. लेखन आतील कडेकडून बाहेर जाते, आणि दोष बहुधा बाहेरच्या कडेलाच निघतात.