तालीम, पेठ आणि फुटबॉल

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



शहापूर-मुरबाडच्या या सभेत मी कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मुलांसाठी फुटबॉलचा संघ काढावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. त्यातून दोन प्रश्न निघाले. खेळाने अभ्यास बुडेल काय? आणि संघ केवळ आपल्या समाजाचा असावा की साऱ्या गावाचा? माझे बालपण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गेले. लहानपणापासून मी पाटाकडील तालमीचा समर्थक. तेव्हा या प्रश्नांची उत्तरे मी माझ्या गावाकडेच शोधतो.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, व्यायामाची जागा. शब्द एकच. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींच्या नावानेच फुटबॉलचे संघ आहेत. पहाटे उठणे, अंग मोडून मेहनत करणे, वस्तादांचा शब्द मानणे, ही तालमीची शिस्त. ती ज्याच्या अंगी बाणली, तो अभ्यासालाही वेळेवर बसतो. अभ्यास बुडतो तो बेशिस्तीने, खेळाने नव्हे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पेठेच्या मैदानावरून माणूस कुठवर जाऊ शकतो, हे त्याने दाखवले.

ज्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला आश्रय दिला, त्यांनीच १९०६ साली मुसलमान समाजासाठी शिक्षणसंस्था उभी केली, मुलांसाठी वसतिगृह काढले. त्यांना आखाडा आणि शाळा या दोन्ही गोष्टी समाजाच्या उन्नतीसाठी हव्या होत्या. आपल्यालाही त्या हव्यात.

आता दुसरा प्रश्न. कोल्हापूरची तालीम ही पेठेची असते, एका धर्माची नसते. तेथील कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमात पंजेही बसतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की हसन आणि हणमंता एकाच बाजूला बसून एकाच संघासाठी घसा कोरडा करतात. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे उदाहरण कोणी देईल. १९३४ ते १९३८ अशी लागोपाठ पाच वर्षे त्या क्लबने कलकत्ता लीग जिंकली, त्याचा अभिमान आपल्या घराघरांत होता. परंतु त्याच क्लबकडून पुढे निरनिराळ्या धर्मांचे, परदेशांतलेही खेळाडू खेळले. २०२४ साली आय-लीग जिंकून तो इंडियन सुपर लीगमध्ये गेला. नाव जुने राहिले, दार मोठे झाले.

मात्र माझ्या गावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेठेचे प्रेम कधी कधी पेठेचे वैर होते. समर्थकांत हाणामारी, दगडफेक होऊन सामने थांबवावे लागले आहेत. मैदानावरचे खेळाडू हस्तांदोलन करून घरी जातात आणि ज्याने चेंडूला पायही लावला नाही, तो डोके फोडून घेतो. पेठेपेठेत असे होत असेल, तर जमातीजमातीचे संघ समोरासमोर उभे केल्यावर काय होईल, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा.

म्हणून माझी विनंती अशी. संघ गावाच्या नावाने काढावा. आपली मुले, आदिवासी वाडीतली मुले, कुणबी-आगरी घरांतली मुले, सर्वांना त्यात घ्यावे. भातकापणीनंतर आपल्याकडे खाचरे मोकळी होतात. ढेकळे फोडून बांधाआड जागा सपाट केली की सरावापुरते मैदान तयार. एका चेंडूवर बावीस मुले खेळतात, इतका हा स्वस्त खेळ आहे. ज्याची शाळेतील हजेरी पुरी, त्यालाच संघात जागा, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. मुलींसाठीही वेगळी वेळ राखावी. मोकळ्या हवेची गरज त्यांनाही आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अकरा खेळतील, बाकीचे समर्थक होतील. समर्थक होणे सोपे नाही. आपला संघ हरल्यावर समोरच्याच्या चांगल्या गोलाला टाळी वाजवता आली पाहिजे. ते ज्याला जमले, त्याची तालीम पुरी झाली, दोन्ही अर्थांनी.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.