मांडवीच्या तीरावर सागरी वारशाचे दालन



पणजी हे नदीने घडविलेले शहर होय. जुन्या गोव्यातील रोगराईमुळे व्हाइसरॉयने १७५९ साली आपला मुक्काम आदिलशहाच्या नदीकाठच्या वाड्यात हलविला आणि १८४३ साली पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला. परंतु राजधानी हलली तरी मांडवीचा काठ सुटला नाही. आजही हा वाडा, जकातीची जुनी निळी इमारत, बंदर कप्तानाचे कार्यालय आणि प्रवासी धक्के ही सारी एका लहानशा फेरीत पाहून होतात. वाड्यातील विधानसभा २००० साली पर्वरीस गेली व त्यानंतर तेथे प्रसंगोपात्त कलाप्रदर्शने भरू लागली. निळ्या इमारतीत २००९ साली जकात खात्याचे संग्रहालय सुरू झाले. २०२२ साली ते ‘धरोहर’ या नावाने राष्ट्रास अर्पण करण्यात आले.

अशा या किनाऱ्यावर गोव्याच्या सागरी परंपरेचे दर्शन घडविणारे स्वतंत्र दालन असावे, ही कल्पना कोणाच्याही मनात सहज यावी अशीच आहे. किल्ल्यांच्या बाबतीत गोव्याने बरेच काही केले आहे. रेईश मागूशचा किल्ला २०१२ साली दुरुस्त होऊन लोकांना खुला झाला. आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय २०२१ साली झाले. ज्या नौकांसाठी हे किल्ले उभे राहिले त्या नौकांना मात्र अद्याप कोठेच घर नाही. इमारत उभारणे वा जुनी दुरुस्त करणे हे अभियंत्यांचे काम असून ते होऊ शकते. अवघड प्रश्न आहे तो त्या इमारतीत काय ठेवावयाचे, आणि ते कोठून आणावयाचे, हा.

या प्रश्नाचे सोपे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. वास्को द गामाच्या जहाजाची प्रतिकृती, एकदोन तोफा, जुने नकाशे व आरमारी पोशाखातील पुतळे यांनी दालन भरता येईल. प्रवासी येतील, छायाचित्रे घेतील आणि निघून जातील. परंतु समुद्राशी गोव्याचा व्यवहार १५१० साली सुरू झाला, अशी समजूत घेऊन जर कोणी तेथून परतला, तर ते दालन न उभारलेलेच बरे.

कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता वाटेत त्याच्या नौकेची डोलकाठी मोडली व त्यास गोव्याच्या बंदरात आश्रय घ्यावा लागला. तेथे मदूमद नावाच्या एका ताजिक व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले, असे वृत्त कदंबकालीन ताम्रपटात आढळते. त्याच घराण्यातील एक पुरुष पुढे जयकेशी राजाच्या पदरी मोठा अधिकारी झाला, आणि बंदरात येणाऱ्या गलबतांवरील करातून त्याने धर्मादायाची व्यवस्था लावली. निळ्या इमारतीतील जकातीचा इतिहास किती मागे नेता येतो, हे यावरून ध्यानी येईल. याच कदंबांचे आराध्यदैवत जे सप्तकोटीश्वर, ते आज डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आहे. मूळ देवालय दिवाडी बेटावर होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे आला, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. दिवाडी व नार्वे यांच्यामध्ये आजही फेरीबोट चालते. म्हणजे गोव्याच्या सागरी इतिहासाचे एक प्रकरण वाचावयाचे तर ते पणजीच्या धक्क्यावर सुरू करून डिचोलीच्या धक्क्यावर संपवावे लागते.

पेडण्याचीही गोष्ट तशीच आहे. तेरेखोलचा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेमसावंतांनी बांधला आणि त्या नदीत सावंतांचे आरमार असे. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. शापोरा नदीवर हळर्णचा किल्ला आहे. हे किल्ले पर्यटन पुस्तिकांत आहेतच. पण तेरेखोलच्या मुखाशी शिडाची होडी कोणत्या वाऱ्याने आत येई, भरतीची वेळ कशी ओळखीत, केरीच्या व हरमलच्या रापणकारांनी एकेका खडकास कोणती नावे दिली, हे कोणत्याच पुस्तिकेत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांची वये आज सत्तरीच्या पुढे गेलेली आहेत.

समुद्राच्या तळाशीही सामग्री आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मुरगाव बंदराजवळच्या सुंची खडकापाशी सतराव्या शतकातील एका बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाचा शोध घेतला; तेथे हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा आणि चिनी भांड्यांचे तुकडे सापडले. दुसऱ्या एका ठिकाणी, सेंट जॉर्ज खडकापाशी, मिळाला तो बासेल मिशनच्या कारखान्यातील भाजलेल्या मातीच्या खांबांचा व विटांचा माल. हा दुसरा शोध काहीसा दुर्लक्षित राहतो, कारण त्यात सोने नाही वा तोफ नाही. वस्तुतः गावोगावच्या लोकांना जवळचा वाटेल तो हाच. १८६५ पासून मंगळूरला या मिशनची कौले होऊ लागली आणि मंगळुरी कौल हा शब्द कोकणात घरोघर रुळला. आपल्या डोक्यावरचे छप्पर समुद्रावरून आले, हे शाळकरी मुलास एका विटेवरून समजावून देता येईल.

आता बार्जेसविषयी. डिचोली तालुक्यातील ज्या घरातून कोणी ना कोणी बार्जवर कामाला गेलेले नाही असे घर पिळगाव, सारमानस, आमोणे या बाजूस शोधावेच लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाचा व्यापार वाढला आणि पाऊण शतकभर मांडवी ही खनिजाची वाहतूक करणारी नदी बनली. भरतीचे वेळापत्रक पाहून बार्ज धक्क्यास लागे, भरे व मुरगावकडे निघे. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा धोक्याचा होई. तेव्हा बार्जेस कुंभारजुव्याच्या पाण्यातून वळून जुवारीत उतरत. या मार्गावरील वळणे, खालचा गाळ, पुलाखालची उंची आणि उलट्या प्रवाहात सुकाण धरण्याची रीत ही विद्या तांडेल व खलाशी हाताने शिकले. ती कोणी लिहून ठेवलेली नाही. २०१२ साली खाणी थांबल्या. मध्यंतरी त्या सुरू झाल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ८८ खाणपट्टे रद्द होऊन त्याच वर्षी १६ मार्चपासून खाणकाम पुन्हा बंद पडले. काठाला बांधून ठेवलेल्या कितीतरी बार्जेस गंजल्या आणि मोडीत निघाल्या. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले व डिचोलीतही खाणकामास पुन्हा चालना मिळाली. परंतु मोडीत गेलेली बार्ज परत येत नाही, आणि दुसऱ्या धंद्यास लागलेला तांडेलही सहसा परतत नाही. खाणींनी शेतीचे व पाण्याचे काय केले हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. दालनाने तोही झाकून ठेवू नये.

मग एखादी बार्ज पणजीस आणून नदीत उभी करावी काय? कल्पना आकर्षक आहे, परंतु येथे घाई करू नये. ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका मुंबईत २००१ पासून संग्रहालय म्हणून ठेवली होती. ती सुरक्षित नाही म्हणून २०१२ साली प्रेक्षकांना बंद झाली आणि २०१४ साली तिची मोड सुरू झाली. एवढ्या मोठ्या राष्ट्रीय स्मृतीची ही गत झाली, ती तिच्याविषयी आदर कमी होता म्हणून नव्हे. खाऱ्या पाण्यातील लोखंड दर काही वर्षांनी बाहेर काढून, घासून, पत्रे बदलून पुन्हा पाण्यात सोडावे लागते, आणि हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो. गोवामुक्तीच्या लढाईत १९६१ साली दोनापावलपाशी रुतलेली पोर्तुगीज युद्धनौका ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ हीदेखील पुढे मुंबईस नेऊन १९६३ साली मोडीत विकली गेली. तिचे काही भाग मुंबईतील नौदलाच्या संग्रहालयात गेले. गोव्यात नौका राहिली नाही. उलट उदाहरण दमणचे आहे. तेथे सागवानात बांधलेली ‘दों फेर्नांदो’ ही शिडाची युद्धनौका १८४३ साली पाण्यात उतरली. १९६३ साली ती लिस्बनजवळ आगीत जळाली, कित्येक वर्षे चिखलात पडून राहिली, आणि १९९० नंतर तिचा जीर्णोद्धार होऊन आज ती प्रेक्षकांना पाहता येते. आपल्या सुतारांचे काम पाहण्यास लिस्बनला जावे लागावे, ही गोष्ट मनास लागते.

यास्तव तरंगत्या जहाजापेक्षा काठावरची उघडी बांधणीशाळा हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. होडी बांधली जात असताना लोकांनी पाहावी, विचारावे, हत्यार हाती घ्यावे. असे कसब गोव्यात आहे हे सांगण्यास जुन्या काळात जावे लागत नाही. दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ २००९ साली नौदलाकडे आली आणि तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली; असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय ठरले. ‘तारिणी’ही तेथलीच; तिच्यावरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ साली जगाची फेरी केली. त्याहून नवलाची गोष्ट ‘कौंडिण्य’ नौकेची. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून तिचा आराखडा केला गेला. केरळच्या कारागिरांनी येथे गोव्यात तिच्या फळ्या खिळा न मारता काथ्याच्या दोरीने शिवल्या व सांधे राळेने भरले. २१ मे २०२५ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून शिडावर निघून १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचली.

नियोजनाच्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगावयास हव्यात. पणजीचा सखल भाग मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आली म्हणजे पाण्याखाली जातो. म्हणून लाकूड, कागद व शिडे तळमजल्यावर ठेवता कामा नयेत. दुसरे असे की, धक्का हा प्रथम ये-जा करणाऱ्यांचा आहे. संध्याकाळी आज तेथे लोटणारी गर्दी बहुतांशी कॅसिनोकडे जाणारी असते. तिच्यात दालनाची गर्दी मिसळून मासळीवाली बाई, कचेरीतला कारकून आणि होडीवाला यांना बाजूस सरावे लागले, तर वारसा जपताना वारसदारच दूर लोटले गेले असे होईल. फेरीबोट हीच दालनाची एक खोली मानावी. तिकीट पणजीस काढावे, पाहणी दिवाडीस व नार्व्यास करावी, आणि त्यातून नदीकाठच्या गावांतील माणसांना मार्गदर्शकाचे काम मिळावे.

आता गावांकडून काय हवे ते. पंचायतींनी व शाळांनी आपल्या हद्दीतील जुन्या होड्या, नांगर, वल्ही, कंदील, बार्जवरील नोंदवह्या, परवाने व छायाचित्रे यांची यादी करावी. वस्तू लगेच मागू नये. कोणाकडे काय आहे, ते केव्हा व कशासाठी वापरीत, एवढे लिहून घ्यावे. वस्तू पुढे दिली गेल्यास धन्याला पोच मिळावी, दालनातील पाटीवर त्याचे व गावाचे नाव यावे, आणि ती परत मागण्याचा त्याचा हक्क कागदावर असावा. पूजेतील वस्तूस हात लावू नये. शिक्षकांनी मुलांकरवी वृद्ध तांडेलांच्या व रापणकारांच्या मुलाखती घ्याव्यात. बोली जशी असेल तशीच उतरवावी, शुद्ध करू नये. वाऱ्याचे, भरतीचे व माशांचे शब्द ‘सुधारले’ की त्यांचा उपयोग संपतो. दालनातील पाट्या मराठीत व कोंकणीत आधी, इतर भाषांत नंतर असाव्यात.

या कामाची सुरुवात डिचोलीत साखळीपासून करणे सोयीचे होईल. विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेस वाळवंटीच्या पाण्यात कारागिरांनी केलेल्या नौकांच्या प्रतिकृती दीप लावून सोडल्या जातात व त्यांची स्पर्धा होते. त्या रात्री तालुक्यातील नौका करणारे हात एकाच घाटावर जमलेले असतात. येत्या पौर्णिमेस शिक्षकांनी तेथे वही घेऊन जावे आणि प्रत्येक नौका कोणी केली, कोणत्या जुन्या नौकेवरून केली, लाकूड कोणते वापरले, ते विचारून लिहावे. पेडण्यात हेच काम केरीच्या फेरीधक्क्यावर कोणत्याही दिवशी करता येईल.