पंडितेची सोपी मराठी
(दहावी, १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावले आहे, 'पंडिता रमाबाईंवर बोल, पण नोकरीचे पुराण लावू नकोस.' थोडेसे लावावेच लागेल. कारण रमाबाई मला कचेरीतच भेटल्या.

शाळेत मी निबंधात जडजड शब्द पेरायचो, हे तुम्हाला आठवत असेल. आपल्या मराठीच्या बाईंनी एकदा वहीवर लाल शाईने शेरा मारला होता, 'हे तुझ्या आजीला वाचून दाखव.' मला तो अपमान वाटला. आजीला अक्षरओळखही नव्हती. तिला माझा निबंध काय कळणार?

पुढे सरकारी नोकरीत पत्रांचे मसुदे करणे हेच माझे काम झाले. एक दिवस पैठणकडच्या एका खेड्यातून एक विधवा बाई कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "सायब, मला वाचता येतं, पर ह्यातलं काय बी कळंना. पैशे भेटणार का नाही, एवढं सांगा." पत्र माझेच होते. 'उपरोक्त संदर्भान्वये', 'त्रुटीपूर्ततेअभावी' वगैरे. अर्थ इतकाच, की नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही, तो महिन्याभरात आणून द्या. महिना उलटून गेला होता. त्यांना सगळा अर्ज नव्याने करावा लागला, आणि मधल्या महिन्यांचे अनुदान बुडाले ते बुडालेच. त्या मला काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी घालून निघून गेल्या.

त्याच सुमारास रमाबाईंचे चरित्र वाचनात आले. शाळेत आपण विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या रमाबाई शिकलो. त्यांनी अख्खे बायबल मराठीत आणले, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माऊलीने मुलीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे वाचायचे. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे, की ही पुराणे ते मूळ संस्कृतातच वाचत. भाषांतर नाही, अर्थ सांगणे नाही, कारण नुसत्या श्रवणाचेच पुण्य मानलेले. मग दुष्काळ आला. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. जातीबाहेर लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यातले पुष्कळ लोक दुरावले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही शारदा सदनाशी संबंध तोडला. आपल्याला त्यांचा निर्णय पटो न पटो, त्यांनी तो मोजलेल्या किमतीसह निभावला.

त्यानंतर केडगाव. आपल्याकडे केडगाव म्हटले की नगरचे आठवते. हे दौंड तालुक्यातले. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली-बायांना घेऊन रमाबाईंनी तिथे 'मुक्ती' उभारले. त्या मुली वाचायला शिकल्या, पण बायबलची मराठी त्यांना पुस्तकी वाटे. मराठी बायबल नव्हते असे नाही. नवा करार तर १८११ सालीच विल्यम केरींच्या सिरामपूरहून छापून आला होता. तरी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मुळावरून नवे भाषांतर हाती घेतले. आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी त्याला दिली. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवायला तिथल्याच मुली. १९२१ साली मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

हे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. बहुतेक मराठी चर्चमध्ये आजही बायबल सोसायटीचे भाषांतर वाचतात. पण मला त्या कामाचे मोल वेगळ्या कारणासाठी वाटते. ज्या मुलीने लहानपणी अर्थ न सांगता पुराणे ऐकवली, तिनेच पुढे, संस्कृतची पंडिता असून, खेड्यातल्या मुलीला कळेल असा शब्द शोधण्यात म्हातारपण घालवले. आणि मी, ज्याला संस्कृतची दोन सुभाषिते धड येत नाहीत, एका विधवा बाईला 'त्रुटीपूर्ततेअभावी' ऐकवत होतो.

तेव्हापासून एक नियम केला. सामान्य माणसाला जाणारे प्रत्येक पत्र आधी आमच्या शिपायाला वाचून दाखवायचे. तो "म्हणजे?" म्हणाला, की वाक्य बदलायचे. साहेब लोक हसले. एकदोनदा मसुदे परतही आले. त्या बाईंचे बुडालेले पैसे त्याने भरून आले नाहीत, हेही खरे.

आज आपल्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, आजी केव्हाच गेली. पण हे भाषण मी काल घरी आईला वाचून दाखवले. तिने चार ठिकाणी अडवले. ती चारही वाक्ये बदलून आणली आहेत.